चार नंबरचा माणूस

विमानतळ छोटा. दिवसाला विमानं तीन. धावपट्टीच्या एका अंगाला विणकरांची वस्ती, दुसऱ्या अंगाला बाजार, दवाखाना आणि पाण्याची उंच टाकी. वळसा घालून जायचं तर तास मोडायचा, म्हणून धावपट्टी ओलांडणारी एक पायवाट ठेवली होती आणि तिच्या दोन टोकांना दोन फाटकं. वस्तीकडच्या फाटकावर प्रत्येकाला नंबरचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, बाजाराकडच्या फाटकावर तो परत घ्यायचा. दिलेले आणि आलेले जुळले की टॉवरला फोन करायचा, पट्टी मोकळी. मगच विमान उतरायचं.

वस्तीकडचं फाटक तो सांभाळायचा. बाजाराकडचं एकोणीस वर्षं त्याच्या बायकोकडे होतं. ती दर खेपेला फोन करून जीव खायची, "अहो, तीन नंबर कोणाला दिला? पाच नंबर कोणाला?" ती गेली त्याला नऊ महिने झाले. आता तिथे सून बसायची. ती मोजायची चोख, पण कोण कोण ते विचारायची नाही, आणि त्यानेही बघणं सोडलं होतं.

त्या सकाळी धुकं असं की दहा पावलांपुढचं दिसेना.

"बाबा, सहाच आले," सून फोनवर म्हणाली.

"सात दिलेत मी. नीट मोज."

"तीनदा मोजले. सासूबाई असत्या तरी सहाच भरले असते. चार नंबर नाही."

"खिशात घालून गेला असेल कोणीतरी."

"चार नंबर दिला होता कोणाला?"

त्याला आठवेना. एक हात पुढे आला होता, त्यावर बिल्ला ठेवला होता. हात बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येईना.

गेल्या महिन्यात असंच एक विमान त्याने थांबवलं होतं. बिल्ला निघाला एका बाईच्या भाजीच्या पिशवीत. पुन्हा असं झालं तर घरी बसा, अशी टॉवरच्या साहेबांनी लेखी ताकीद दिली होती. त्यांचाच फोन आता वाजला.

"मोकळी म्हणू ना पट्टी?"

"नाही साहेब. एक कमी आहे."

"परत भाजीची पिशवी?"

"असेलही."

"अहो, तेवीस माणसं आहेत वर! शेजारच्या विमानतळावर याहून दाट धुकं. इंधन दहा मिनिटांचं. त्यानंतर ते उतरणार, तुमचा बिल्ला मिळो न मिळो."

"मग तेवढी दहा मिनिटं द्या."

त्याने सुनेला सांगितलं, "मी आत जातोय. टॉवरला कळव, पट्टीवर मला धरून दोन माणसं." ती काही बोलायच्या आत रिसीव्हर ठेवला.

पायवाटेने तो पट्टीच्या मध्यावर आला. तिथे पायाखाली काहीतरी कचकन वाजलं. चष्मा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा. वस्तीत असा चष्मा एकाचाच, सुताला रंग देणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांचा. पायवाटेच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ होती, तिच्या धोरणाने तात्या रोज चालायचे. धावपट्टीच्या मधोमधही पांढरीच रेघ होती. चष्मा पडला, शोधताना म्हातारा फिरला आणि भलतीच रेघ धरून निघाला.

पण कुठल्या बाजूला? तो गुडघ्यांवर बसला. दवाने ओल्या डांबरावर चपलांचे ठसे उजवीकडे गेले होते.

टाकीच्या बाजूने घरघर ऐकू आली. विमान तिथूनच वळायचं. तो धावत सुटला. वय एकसष्ट, छातीचा भाता झाला.

"तात्या! ओ तात्या!"

"कोण रे?" धुक्यातून आवाज आला. "फाटक इतकं लांब कधी नेलंत?"

"बाजूला व्हा! विमान येतंय!"

"ऐकू येतंय मला. म्हणून तर भराभर चालतोय!"

म्हातारा रेघेवरून खरंच झपाझप निघाला होता, पुढे पुढे. घरघर आता पाठीत वाजायला लागली. त्याने तात्यांना कमरेला धरलं आणि ओढलं. दोघं कडेच्या गवतात आपटले. वरून काहीतरी अवाढव्य काळं गेलं, अंगावर पाण्याचा फवारा आला, कान बसले.

गवतात उठून बसत तात्या म्हणाले, "बिल्ला आहे हो माझ्याकडे. उगाच आरडाओरडा केलास."

दोघं वस्तीकडच्या फाटकावर पोचतात तोच सून पट्टी ओलांडून धावत आली. पदराने तोंड पुसत होती आणि तोंडाने भांडत होती. "कळतं का काही तुम्हाला? घरात एक फोटो लावलाय तेवढा पुरे!"

"फाटक कोणाच्या भरवशावर टाकलंस?"

"कुलूप घातलंय. आणि तुम्ही मला विचारताय?"

फोन वाजला. साहेबांचा आवाज पडला होता. "माणूस होता तर. अडून बसलात ते बरं झालं. गेल्या वेळची ताकीद फाडून टाकतो."

हो म्हणून फोन ठेवता आला असता. सून बघत होती.

"साहेब, कोण आत सोडलं ते मला सांगता आलं नाही," तो म्हणाला. "बिल्ले देतो, पण माणसं बघत नाही. नऊ महिने असंच चाललंय. चूक तात्यांची नाही."

साहेब म्हणाले, "हे लेखी दिलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"देतो."

सुनेने खण उघडून कागद काढला, त्याच्यापुढे सरकवला आणि तात्यांना बसायला खुर्ची दिली.