पाटीमागची अक्षरं

माझ्या अंगावर आडव्या-उभ्या रेघा आहेत. त्या लिहिलेल्या नाहीत, खिळ्याने कोरलेल्या आहेत, म्हणून पुसल्या जात नाहीत. बाकी सगळं पुसलं जातं. मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे.

काळी माझी काया, पांढरं माझं लेणं,
येतं पेन्सिलीनं, जातं फडक्यानं.

कागलच्या बाजारातून बाबासोंनी मला आणलं, त्यांच्या लेकीसाठी, अक्षतासाठी. कसबा बावड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबासो साखर कारखान्यात कामाला जात. अक्षता माझ्यावर मुळाक्षरं गिरवून मोठी झाली आणि वहीवर गेली. मग मी ज्वारीच्या डब्यामागे पडून राहिले. पाटीच्या नशिबी हे असतंच.

पण एका रविवारी बाबासोंनी मला बाहेर काढलं आणि खिळा घेऊन माझ्यावर घरं पाडायला बसले. फार दुखलं. कशासाठी ते नंतर कळलं. गावच्या वाचनालयात पेपर येई, त्यात रविवारी शब्दकोडं असे. सरळ अर्थ विचारणारं नव्हे, तिरक्या चालीचं. पेपरावर मात्र रेघसुद्धा मारायची नाही, असा तिथला नियम होता. म्हणून बाबासो मला पिशवीत घालून नेत, माझ्या पाठीवर बारीक अक्षरात शब्द ओळखायची सगळी सूत्रं उतरवून आणत आणि पुढच्या बाजूला कोडं मांडत. पेपरातले काळे चौकोन ते खडूने भरत. तिथलं काळं ते माझ्यावर पांढरं होई. मला त्याचं मोठं कौतुक वाटे.

पहिलं सूत्र अक्षताने वाचलं तो दिवस मला आठवतो. समोरच्या दुकानात गैबीचाचा शिलाई मशीन चालवत होते. ते बाबासोंचे लहानपणापासूनचे दोस्त.

“‘कशासाठी म्हणून विचारलं, पुढं पाणी आलं, बायकांनी ते डोळ्यांत घातलं.’ बाबा, आसू?”

“आसू डोळ्यातनं येत्यात. हितं घातलंय म्हणतोय. नीट वाच की.”

“मला न्हाय येत.”

“कशासाठी, हे एका अक्षरात कसं इचारशील?”

“का?”

“आन पाण्याला दुसरं काय म्हणत्यात?”

“जल... जळ! का-जळ! काजळ!”

“अरे सांगून टाकायचं की पोरीला सरळ!” गैबीचाचा ओरडले. “तुमच्या नादात माझं काज हुकलं!”

“सांगितलं तर तिचं काय ऱ्हायलं त्यात?” बाबासो म्हणाले.

हीच त्यांची रीत. उत्तर सांगायचं नाही, वाट दाखवायची. आणि नुसता शब्द लिहून भागत नसे. तो कसा आला ते अक्षताने फोडून सांगायचं. बाबासो डोळे मिटून ऐकत. पटलं की मांडीवर थाप मारून म्हणत, “बसलं!” त्या एका शब्दासाठी ती पोर आठवडाभर रविवारची वाट बघे.

वर्षं गेली. अक्षता नर्स झाली आणि गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात लागली. रविवारी एसटीने यायची. तोवर बाबासो बाकीचं कोडं सोडवून ठेवत, पण एक शब्द तिच्यासाठी रिकामा ठेवत. मागच्या बाजूला त्याच्या सूत्राभोवती गोल काढत. ती येईपर्यंत मी भिंतीच्या फळीवर असे, मला कुणी हात लावायचा नाही. तिची आई आक्काताई फळी पुसायची ती माझ्या कडेकडेने.

दोन हजार चार सालच्या पावसाळ्यात साथ आली आणि अक्षताला दोन रविवार सुटी मिळाली नाही. गैबीचाचांच्या दुकानात फोन होता, तिथून बाप-लेकीचं बोलणं माझ्या कानावर आलं.

“फुडच्या रविवारी नक्की येत्ये म्हणालीस? ये निवांत. पाटी काय पळून जात न्हाय.”

त्याच आठवड्यात कामावर निघताना बाबासोंच्या छातीत कळ आली. दारातच बसले, ते उठले नाहीत.

अक्षता आली. तिचं ते येणं मी सांगणार नाही.

दोन दिवसांनी घरी माणसांची रीघ लागली. गेलेल्यासाठीचं पुण्यानुमोदन कधी, कुठं, जो तो विचारू लागला. आक्काताईला सांगवेना. गैबीचाचांनी इकडंतिकडं बघितलं आणि फळीवरून मला उचललं. पाटी ती पाटी, लिहायचीच वस्तू. त्यांनी ओल्या चिंधीने माझं अंग पुसलं आणि लिहिलं, ‘बाबासो यांचा पुण्यानुमोदन कार्यक्रम, रविवारी सकाळी, बुद्धविहारात.’ कोरलेल्या घरांत अक्षरं आपोआप पडली. बा. बा. सो. तीन घरं. आणि मला दाराच्या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, ज्या हातांनी मला बोलतं केलं, त्यांच्या जाण्याची बातमी मी छातीवर घेऊन उभी होते.

दुपारी अक्षताचा हात फळीवर फिरला.

“आई, पाटी कुठं हाय?”

“दाराला लावलीया की मी,” गैबीचाचा म्हणाले. “लोकं इचारत हुती...” तिचा चेहरा बघून ते थांबले. “का गं? काय हुतं त्यावर?”

“बाबांचं अक्षर हुतं, चाचा.”

गैबीचाचा उंबऱ्यावर बसले. “माझ्या हातानं पुसलं म्या,” एवढंच म्हणत राहिले. अक्षता त्यांच्याशेजारी बसली. चाचांनी दोन्ही बाजू पुसल्या, असंच तिला वाटलं.

मी मात्र आतून ओरडत होते. अगं, मला उलटी कर! माझी पाठ बघ! दार उघडे, मिटे, माझी पाठ लाकडावर घासे, आणि वरच्या ओळींची भुकटी खाली झडे. पाटीला तोंड नसतं. तिच्यावर लिहावं लागतं.

रविवारी कार्यक्रम झाला. सांजेला गैबीचाचांनी मला खिळ्यावरून काढलं, आणि त्यांच्या बोटांना पाठीवरची भुकटी लागली. त्यांनी मला उलटवलं.

“अक्षे! पळ, पळ! हिकडं ये!”

वरची सूत्रं पुसट झाली होती. खाली एक धड होतं, गोल काढलेलं. तिचं.

‘पहिला सूर पुढं, त्याच्या मागं पीर, उन्हात सोबतीला, अंधारात बेपत्ता.’

तिने मला उजेडाकडे धरलं. “पहिला सूर सा. फुडं अडतंय. पीर म्हणजे आनि काय?”

गैबीचाचांच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. “त्यानं तुला कधी सांगितलं न्हाय, मी बी सांगणार न्हाय. आमच्या दर्ग्याच्या कमानीवर पीरसाहेबांच्या नावाफुडं काय लिव्हलंय? ल्हानपणी उरसात वाचायचीस की मोठ्यानं.”

अक्षताने डोळे मिटले. मग पेन्सिल घेतली. माझ्या पुढच्या बाजूवर तीन रिकाम्या घरांत तीन अक्षरं लिहिली. सा. व. ली.

आणि रीतीप्रमाणे तिने बाबासोंच्या रिकाम्या जागेकडे बघून फोडून सांगितलं. “सा हा पहिला सूर. वली म्हणजे पीर. उन्हात सोबत येती, अंधारात नसती. सावली, बाबा.”



“मी म्हणू, बसलं म्हणून?” गैबीचाचांनी हळूच विचारलं.

“नको चाचा. ऱ्हाऊ दे.”

मी आता गडहिंग्लजला अक्षताच्या भिंतीवर असते, पाठ बाहेर करून. माझ्यावर कुणी लिहीत नाही. दर पावसाळ्यात ओल येते आणि बाबासोंचं एखादं अक्षर सुटतं. गोल अजून आहे. भिंतीकडच्या बाजूला सावलीही आहे, पण ती अजून बसलेली नाही.

मित्रांनो, पाटी पुसण्यासाठीच असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गैबीचाचांवर तर मुळीच नाही. फक्त ओलं फडकं हातात घेतलंत, की एकदा विचारा, हे कुणाचं आहे. आणि विचारायला कुणी नसेल, तर पाटी उलटून बघा.