गोष्टीत मध्येच बोलणारी बाई

पुरुषोत्तमकाकांना सगळं स्वच्छ लागतं. त्यांच्या अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या घरी पाहुण्यांच्या चपलासुद्धा दाराशी रांगेत असतात आणि ती रांग काका स्वतः लावतात. रिटायर झाल्यावर त्यांनी बेसमेंटमध्ये छोटा स्टुडिओ थाटला आणि आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेच्या जुन्या टेप कॉम्प्युटरवर घेऊन घासूनपुसून लख्ख करायला सुरुवात केली. खोकला, खुर्चीची करकर, कुणाच्या तरी बाळाचं रडणं, सगळं गायब. आमच्यात चांगला श्रोता म्हणजे तोंड मिटून बसणारा. काकांनी आमचे श्रोते होते त्यापेक्षाही चांगले करून ठेवले.

अबेना आंटींचं काम त्यांच्याकडे नेलं ते मीच. २००४ सालची गोष्ट. आंटी आमच्या शेजारच्या, मूळच्या घानाच्या. त्यांच्या नवऱ्याने तरुणपणी गावोगाव हिंडून तिथल्या लोककथा टेप केल्या होत्या. धूर्त कोळ्याच्या, आळशी कासवाच्या, सावत्र आईच्या. टेप पुढे बुरशी लागून वाया गेल्या, पण त्याआधी त्या भल्या माणसाने सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. आता तो नव्हता, आणि आंटींजवळ उरली होती एक हार्ड डिस्क, तिच्यातला आवाजही खरखरणारा. आमचे काका ही खरखर चुटकीसरशी काढतील, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

काकांनी महिनाभर खपून डिस्क परत दिली. आंटींच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही पहिली गोष्ट लावली. काय आवाज होता! सांगणारा म्हातारा जणू समोर बसून बोलत होता. मी शाबासकीच्या अपेक्षेने आंटींकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"बाकीचे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे कोण?"

"नीला, आमच्याकडे गोष्ट एकटा माणूस सांगत नाही. ऐकणारे हुंकार देतात, टाळ्या वाजवतात. मध्येच एखादी बाई सांगणाऱ्याला थांबवते आणि गाणं म्हणते. सगळे तिच्यामागे गातात, मग गोष्ट पुढे सरकते." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "या गोष्टीत मध्येच बोलणारी बाई माझी आई होती. तिचा आवाज दुसरा कुठेच नाही."

घरी येऊन मी काकांना फोन लावला.

"काका, तुम्ही लोकांचे आवाज काढलेत?"

"काढणारच! अगं, केवढा गोंगाट होता. एक बाई तर सारखी मध्ये मध्ये करत होती. तिला मी हाताने, एकेक शब्द वेचून डिलीट केलं."

"त्या अबेना आंटींच्या आई होत्या."

पलीकडे काकांची खुर्ची करकरली.

"ओरिजिनल फाइल्स तरी आहेत ना?" मी विचारलं.

"मी त्यांच्यावरच सेव्ह केलं गं," काका म्हणाले. "एकाच गोष्टीच्या दोन दोन फाइल्स पडलेल्या मला आवडत नाहीत."

वयाचा मान राखून जेवढं ओरडता येतं, त्यापेक्षा मी जरा जास्तच ओरडले. राग त्यांचा होता, तितकाच माझ्या तोऱ्याचाही होता.

दुसऱ्या दिवशी काका आंटींच्या दारात उभे. मला वाटलं, आता कारणांची माळ सुरू होणार. पण ते सरळ म्हणाले, "मी तुमच्या आईला पुसून टाकलं. मी तिला परत आणीन." कसं आणणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं.

आंटी रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक खोका काढला. नवऱ्याने त्याच फाइल्सच्या सीडी करून ठेवल्या होत्या, पण वर्षानुवर्षं गाडीत पडून त्यांच्यावर ओरखडेच ओरखडे उठले होते. कुठल्याही कॉम्प्युटरवर त्या चालत नव्हत्या. दुसरा संच आंटींच्या भावाकडे, दुसऱ्या राज्यात शॉमबर्गला. माझा नवरा कुमार ड्राइव्ह करून गेला आणि घेऊन आला. त्या सीडींवर बहुधा चहाचे कप ठेवले जात होते.

काकांनी दोन्ही संच उजेडात धरून पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. ओरखडे दोन्हींवर होते, पण वेगवेगळ्या जागी. एका सीडीचा जो तुकडा वाचता येणार नाही, तो दुसरीवरून उचलायचा. दोन फाटक्या चादरींतून एक धड गोधडी. शिवाय प्रत्येक कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सीडी आपापल्या परीने वाचतो; एकाला न जमलेलं दुसऱ्याला जमू शकतं. तेव्हा मंडळाला ईमेल गेली: गॅरेजमध्ये जुने कॉम्प्युटर असतील तर शनिवारी घेऊन या.

असतील तर! आमच्या लोकांनी कधी काही टाकलंय? शनिवारी सकाळी काकांच्या बेसमेंटमध्ये जत्रा भरली. ज्यावरून बायकांनी वर्षानुवर्षं नवऱ्यांना बोलून घेतलं होतं, ते एकूणएक डबडं हजर. कुमार आमचं डबडं छातीशी धरून आला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत राहिला. काकांनी चपलांच्या ढिगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि गोष्टी परत येऊ लागल्या. तुकड्याला तुकडा जुळला की काका ती गोष्ट स्पीकरवर लावायचे आणि माणसांची गर्दीच्या गर्दी खोलीत शिरायची. हुंकार, हशा, टाळ्या, कोंबडं, रडणारं पोर. "हा खोकला मध्येच तुटतोय, परत वाच!" काका कुमारवर खेकसले. खोकल्यासाठी भांडणारे पुरुषोत्तमकाका पाहायला मिळाले, एवढ्यावरही मी खूश झाले असते.

पण दुपारपर्यंत सगळ्या गोष्टी जुळल्या आणि एकच राहिली. आंटींच्या आईची. त्या एका जागी दोन्ही सीडी खराब निघाल्या. एकामागून एक ड्राइव्ह हरले. काका खुर्चीत मटकन बसले. जिन्यात बसलेल्या आंटी म्हणाल्या, "पुरे झालं. तुम्ही खूप केलंत." ते ऐकून मला रडूच आलं.

"माझं राहिलंय," मंडळातली सुवर्णा म्हणाली. तिच्या अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीतला पिवळा पडलेला कॉम्प्युटर कोपऱ्यात होता. इतका संथ, की सकाळपासून कुणी त्याला हातच लावला नव्हता. काकांनी सीडी घातली. यंत्र कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं. स्क्रीनवरची पट्टी एकाच जागी अडकून बसली.

"कॅन्सल करू का, यार?" कुमारने विचारलं.

"खबरदार!" काका आणि मी एकदमच ओरडलो.

पट्टी हलली. घाईच्या यंत्रांनी सोडून दिलेली जागा ते म्हातारं यंत्र कण्हत कण्हत, पुन्हा पुन्हा वाचत राहिलं आणि अखेर पार झालं. बेसमेंटमध्ये असा जल्लोष झाला, की भारताने मॅच जिंकल्यावरही आम्ही इतके ओरडलो नव्हतो.

काकांनी फाइल जोडली. आंटींना पुढे बोलावून स्पीकरजवळ बसवलं आणि बटण दाबलं. म्हातारा गोष्ट सांगू लागला, लोक हुंकार देऊ लागले. आणि एक बाई खणखणीत आवाजात, अगदी ठसक्यात मध्येच बोलली. म्हातारा थांबला. लोक हसले. आंटींनी दोन्ही हात तोंडावर धरले.

काकांनी घाईघाईने आवाज थांबवला. "काय म्हणतायत त्या?" त्यांनी हळूच विचारलं.

आंटी हसत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आमच्याकडे गोष्ट अडवताना असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "ती म्हणतेय, थांब, त्या दिवशी मीही तिथे होते."

काकांनी पुन्हा बटण दाबलं. गाणं सुरू झालं. "होतीसच," आंटी स्पीकरला म्हणाल्या, आणि उभ्या राहून आईच्या मागोमाग गाऊ लागल्या.