तीन-सात-बारा नंबरचा निंबा

इकडे बघा, इकडे, कोपऱ्यात! मी पेटी बोलतेय. डांगच्या सागाची, चार ओळींत चाळीस खणांची. शाळेत गेले नाही, पण बमरोलीच्या कापड मिलच्या ऑफिसात सोळा वर्षं काढली. साहेब लोकांनी वाचले नसतील एवढे कागद पोटात घेतले.

साठ साली मला सुताराने केलं. माझ्या खणांत कामगारांची कार्डं. नाव, गाव, कधी लागला. मगनभाई कारकुनांनी डोकं चालवलं: कार्ड ज्या जागी, तोच माणसाचा नंबर. तिसरी ओळ, सातवा खण, बारावं कार्ड, म्हणजे तीन-सात-बारा. तो खानदेशातून आलेला निंबा. हजेरी त्याच नंबरावर, हाकही तीच. निंबा हसत सांगायचा, घरी बायको शोभाबाईसुद्धा म्हणते, "ओ तीन-सात-बारा, जेवाले या!"

मला भारी गर्व. वाटायचं, ही माणसं माझ्याच पोटची. कुणाचं कार्ड काढायला आले की मगनभाईंचं बोट खणात चिमटायची.

एकाहत्तर साली माणसं वाढली, शेजारी लोखंडी कपाट आलं. मेलं नव्या नवऱ्यासारखं चकाकायचं! त्याच्या ओळी पाचपासून पुढे मोजल्या. अर्धी कार्डं तिकडे गेली आणि जागेबरोबर नंबरही बदलले. निंबा झाला पाच-दोन-नऊ. त्याच्या जुन्या जागी नुकता लागलेला सुकदेव.

तीन महिन्यांनी मिलची एक पाळी बंद झाली. वर्ष न भरलेल्यांना काढायचं ठरलं. मगनभाईंनी हजेरीबुक उघडलं. पाच-दोन-नऊची हजेरी तीनच महिने; आधीची अकरा वर्षं तीन-सात-बाराखालीच राहिलेली. झालं, निंबा यादीत!

निंबा टोपी हातात घेऊन आला. "साहेब, अकरा वरीसपासून आठेच, याच मिलमा शे मी!"

मगनभाईंनी बुकातल्या तीन महिन्यांवर बोट ठेवलं. "चोपडामां तो त्रण महिना ज छे, भाई."

शेजारच्या टेबलावर नव्या कारकून उषाबाई होत्या. त्यांनी बुक सारलं बाजूला आणि कार्डच काढलं. निंबा, गाव पारोळा, लागला साठ साली.

"मगनभाई, कपाट बदललं म्हणून माणूस बदलतो? परवा तुम्ही घर बदललंत, भाभी तीच ना?"

मगनभाई लाजले. "तीच, बेन. बदलवा नथी देती!"

निंबाचं नाव यादीतून खोडलं. पण बाई थांबल्या नाहीत. प्रत्येक माणसाला कायमचा नंबर दिला, जागेशी संबंध नाही. आणि एक पातळ वही केली: कुणाचं कार्ड कुठल्या कपाटात, कुठल्या खणात. कार्ड हललं तर वहीत जुनी जागा खोडून नवी लिहायची, माणसाला हात लावायचा नाही.

"डबल काम!" मगनभाई कुरकुरले.

"तुम्हाला डबल काम. त्याची तर भाकरीच जात होती," बाई म्हणाल्या.

शहात्तर साली उरलेली कार्डंही लोखंडी कपाटात गेली आणि मी इथे गोदामात. वाटलं, आता ऑफिसात गोंधळ उडेल, मला शोधत येतील. कुणी आलं नाही. एकाचाही नंबर हलला नाही! दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी निंबाच आला, माझ्यावर तेलाचा डबा ठेवला, घाम पुसला आणि परत आपल्या मागावर कापड विणायला गेला. अजून कामावर होता बघा. मग कसला रुसवा!

तर बायांनो, दादांनो, आम्हा पेट्या-कपाटांत कागद ठेवा, चिंध्या ठेवा, माणूस ठेवू नका. त्याला बाहेरच राहू द्या. आणि तो खालचा खण ओढू नका हं, तिथे उंदरीण बाळंत झालीय.