पाण्याखालचं बिऱ्हाड

मी मास्क बोलतोय. दचकू नका, दवाखान्यातला नव्हे! मी पाणबुड्याचा मास्क. पुढे जाड काच, कडेला काळं रबर, मागे पट्टा आणि मधे नाकासाठी एक खिसा. एका शहाण्याने मला मराठीत 'मुखवटा' म्हटलं होतं, तेव्हापासून माझा त्याच्यावर राग आहे. मुखवट्याआड माणूस लपतो. माझ्याआडून तो बघतो.

कारखान्यात मला ज्या खोक्यात भरलं, त्यावर निळंशार पाणी आणि रंगीबेरंगी मासे छापले होते. मला वाटलं, वा, नशीब काढलं! पण मला विकत घेतलं ते बंदरात काम करणाऱ्या एका तरुण पाणबुड्याने. जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे त्याचं काम. बंदराचं पाणी तेलकट आणि गढूळ. हात पुढे केला तर स्वतःचीच बोटं दिसायची नाहीत. तो खरवडायचा आणि मी काळोख बघायचो. खोक्यावरच्या माशांनी मला चांगलंच गंडवलं होतं.

त्यात भर म्हणजे, पहिल्याच दिवशी तो माझ्यात थुंकला. होय, चक्क थुंकला. कोरा करकरीत मी, अंगावर अजून कारखान्याची पावडर, आणि हे स्वागत! मग कळलं की काचेवर वाफ धरू नये म्हणून सगळेच पाणबुडे असं करतात. थुंकायचं, बोटाने पसरवायचं आणि विसळायचं. मला ते पचायला वेळ लागला. पुढे मात्र इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी तो विसरला, तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा दूरच्या बेटांजवळ एका जहाजाचा नांगर अडकला म्हणून त्याला तिकडे पाठवलं. नांगर सुटला. परतायला अजून अवकाश होता, तेव्हा तो एकदा नुसता स्वतःसाठी पाण्यात उतरला. आणि काय सांगू, खोक्यावरचं चित्र खरं निघालं! समोर भलंमोठं प्रवाळ उभं होतं, पिवळसर, गोल पाठीचं. त्याच्या कुशीत एक समुद्रफूल झुलत होतं. दिसायला फूल, पण असतो प्राणी. आणि त्याच्या पाकळ्यांत दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे. सारखे आत जायचे, बाहेर यायचे, पुन्हा आत. आम्ही दोघं बघतच राहिलो.

तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. नवराबायको भाड्याच्या एका खोलीत राहत. घरी येताच त्याने पिशवीसुद्धा खाली न ठेवता बायकोला सांगितलं, "अगं, आपल्या या खोलीएवढं प्रवाळ! आणि त्यात राहायला दोघंच. मला तर आपलंच बिऱ्हाड वाटलं."

झालं. तेव्हापासून त्या घरात ते 'आपलं बिऱ्हाड' होऊन बसलं. त्यांनी कितीतरी खोल्या बदलल्या. दर वेळी गाद्या गुंडाळताना बायको म्हणायची, "त्या बिऱ्हाडाचं बरं आहे. ना घरमालक, ना सामान." मुलगी झाली, तिला झोपवताना दोघंही त्याच बिऱ्हाडाच्या गोष्टी सांगायचे. बायकोने ते कधी पाहिलंच नव्हतं, पण गोष्टी तिच्याच जास्त रंगायच्या.

पुढे पाण्याने त्याचे कान नेले. आधी एक, मग दुसरा. डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, आता डोकं पाण्याखाली घालायचं नाही, आंघोळसुद्धा जपून. त्याला जमिनीवरचं काम मिळालं, मी कपाटावर गेलो. पण आमची भाषा मात्र त्या घरात राहिली. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून पाणबुडे हाताने खुणा करतात. ऐकू येईनासं झाल्यावर त्याने त्या सगळ्या खुणा बायकोला शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ठीक. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी बिघडलंय. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला, निघू या'. काही खुणा त्यांनी घरच्या घरी बनवल्या. दोन्ही तळवे जुळवून छप्पर केलं की बिऱ्हाड.

यातून गमती काय कमी झाल्या? हवा संपली की पाणबुडा गळ्यावरून आडवा हात फिरवतो. घरात त्याचा अर्थ झाला, गॅस संपला. एकदा बायकोने खिडकीतून अंगणातल्या नवऱ्याला ती खूण केली आणि समोरच्या काकू धावत आल्या, "अहो वहिनी, एवढं काय झालं? जीव घ्यायची भाषा कशाला?" आणखी एकदा पाहुण्यांकडे गेले असताना यजमानाने चहा मस्त झालाय ना, असं विचारत अंगठा वर केला. बायको लगेच पर्स उचलून उभी राहिली. यजमान बिचारे दारापर्यंत विचारत राहिले, आमचं काही चुकलं का?

एक नियम मात्र त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवला होता. "तोंडाने काय वाटेल ते बोल. पण हाताने खोटं सांगायचं नाही. खाली खोटी खूण केली की माणूस जातो." भांडणातसुद्धा तिने तो नियम मोडला नाही. तोंड फिरवून बसायची, पण त्याने खुणेने "ठीक?" विचारलं की पंजा हलवून खरं ते सांगायची.

मुलगी मोठी झाली, कमावती झाली आणि एके दिवशी म्हणाली, "आई, बाबांना त्या बेटांवर नेऊ या." पण नेऊन उपयोग काय? त्याला तर पाण्यात उतरायची बंदी. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असायचा, समुद्र तापतोय म्हणतात, प्रवाळं मरतायत म्हणतात, मग आपलं बिऱ्हाड आहे का अजून? मासे तेच नसणार, हे त्यालाही कळत होतं. पण नवे भाडेकरू तरी असतील ना?

तेव्हा बायको म्हणाली, "मी जाते खाली." जिने आयुष्यात घोट्यापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ती पोहायच्या तलावावर जाऊ लागली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, रडली, पण शिकली. आणि निघताना कपाटावरचा मी खाली काढला गेलो. दुकानातला नवा मास्क घे, असं मुलीने परोपरीने सांगितलं. आई ऐकेना. "यानेच पाहिलंय ते. याला रस्ता ठाऊक आहे." रस्ताबिस्ता मला काही ठाऊक नव्हता. तरी मी छाती फुगवली, छाती नसली म्हणून काय झालं!

सहल बोटीवरची होती. बोटीतच झोपायचं आणि रोज वेगळ्या बेटापाशी पाण्यात उतरायचं. आमची गाइड या दोघांच्या मुलीच्याच वयाची, सगळे तिला ताई म्हणत. पहिल्या दिवशी नवऱ्याने मला हातात घेतलं आणि सवयीने आत थुंकला.

"शी!" बायको किंचाळली. "मी नाही हं असलं तोंडाला लावणार!"

त्याला ऐकू आलं नाही. त्याने मला विसळून तिच्या तोंडावर बसवलं आणि रबराखाली अडकलेली तिची एक बट बोटाने अलगद बाजूला केली. बट अडकली की पाणी झिरपतं. मग रोजच हे काम त्याचं झालं, आधी थुंकायचं, मग बट काढायची. ती रोज "शी" म्हणायची आणि रोज तोंड पुढे करायची.

दुसऱ्या दिवशी आमच्यातले एक कॅमेरेवाले गृहस्थ कासव बघून हरखले आणि त्यांनी सगळ्यांना जोरात अंगठा दाखवला. आमच्या बाई, म्हणजे त्याची बायको, लगेच वर निघाल्या. त्यांच्या मागून सगळी फौज वर. बोटीत ताई कॅमेरेवाल्यांवर उखडली, "दादा, खाली अंगठा म्हणजे वर चला! कासव राहिलं खाली, आपण सगळे इथे!" मग बाईंकडे वळून म्हणाली, "काकू तेवढ्या बरोबर वागल्या." बायकोने नवऱ्याला हातवारे करून सगळं सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

असे ते दिवस गेले. पोपटासारखी चोच असलेले मासे प्रवाळ कुरतडताना कुडुम कुडुम आवाज येतो, तो तिने ऐकला. सापाएवढा लांब मासा बिळातून तोंड काढून बसलेला पाहिला. ती खाली असेपर्यंत तो बोटीच्या काठावर बुडबुड्यांकडे डोळे लावून बसायचा. ती वर आली की ओल्या अंगाने, दात वाजत असताना, हातांनी सारं सांगायची. त्याचे डोळे तिच्या बोटांवरून हलत नसत. पण दोघंही शेवटच्या दिवसाबद्दल बोलत नसत.

शेवटच्या दिवशी दोन डोंगरांचं बेट आलं. तो उठून उभा राहिला. "हेच," म्हणाला, जरा मोठ्यानेच. मग त्याने मला हातात घेतलं, पण त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. थुंकी काही येईना. तो प्रयत्न करत राहिला, ओठ ओले करत राहिला. शेवटी बायकोने मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि, तुम्हाला खरं वाटणार नाही, ती स्वतःच माझ्यात थुंकली. बोटाने नीट पसरवलं, विसळलं. बट तेवढी त्यानेच काढली.

खाली गेलो. माझी काच त्या दिवशी स्वच्छ होती, म्हणून जे होतं ते सगळं दिसलं. ते प्रवाळ सापडलं. खोलीएवढंच होतं, पण राखाडी पडलेलं, अंगभर शेवाळ, एक बाजू ढासळलेली. कुशीत समुद्रफूल नव्हतं. कुणीच नव्हतं. तिने सगळीकडून फेरी मारली, पुन्हा एकदा मारली. मग माझ्यात गरम पाणी साठायला लागलं. समुद्र आत शिरला की गार लागतो. ते गरम होतं.

ताईने खुणेने विचारलं, ठीक? बाईंनी पंजा हलवला. खाली खोटं सांगायचं नाही ना. ताईला वाटलं, मास्क गळतोय. शिकवलंय तसं कर, म्हणून तिने दाखवलं. बाईंनी मला कपाळापाशी दाबलं, मान वर केली आणि नाकातून जोरात फुंकर मारली. सगळं पाणी निघून गेलं. पाण्याखाली डोळे पुसता येत नाहीत, पण एवढं करता येतं.

काच स्वच्छ झाली आणि थोडं पलीकडे मला काहीतरी केशरी दिसलं. तिलाही दिसलं. परातीएवढा एक खडक, त्यावर एक लहानसं समुद्रफूल आणि पाकळ्यांत एक मासा. पांढरे पट्टे, आत-बाहेर, आत-बाहेर. ती दुसऱ्याची वाट बघत थांबली. ताईने अंगठा दाखवला. बाईंनी हात जोडले. ताई थोडी थांबली, मग पुन्हा अंगठा. दुसरा काही आला नाही.

वर आलो तेव्हा तो शिडीपाशी गुडघ्यांवर बसला होता. त्याने दोन बोटं डोळ्यांना लावली, मग तळव्यांचं छप्पर केलं. पाहिलंस? आहे?

मला भीती वाटली. आता आपण खाली नव्हतो. वर ती खोटी खूण करू शकली असती, मी काही चहाडी करणार नव्हतो. पण तिने छप्पर केलं आणि पंजा हलवला. त्याचा चेहरा उतरला. मग तिने पुन्हा छप्पर केलं, ते तसंच उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. खोली बदलताना ते दोघं हीच खूण करायचे.

"हललं?" तो ओरडला. "बिऱ्हाड हललं? कुठे?"

तिने हातांनी परातीएवढा गोल दाखवला. लहानशी जागा.

"आणि किती जणं?"

तिने एक बोट वर केलं. तो त्या एका बोटाकडे बघत राहिला. मग वाकून त्याने आपलं बोट तिच्या बोटाला चिकटवून उभं केलं.

"दुसरा इथे बसला होता," तो म्हणाला. "बोटीत."

आता मी त्यांच्या मोरीजवळच्या खिळ्यावर असतो. माझं रबर कडक झालंय, नाकाच्या खिशाला चीर गेलीय, खोल पाणी आता मला सोसायचं नाही. गॅस संपला की गळ्यावरून हात फिरतो, तो मी इथून बघतो आणि हसतो. तुमची तिकडे जायची वेळ आली, तर माझी आपली एक विनंती. दोन डोंगरांच्या त्या बेटापाशी, मोठ्या राखाडी प्रवाळाच्या पलीकडे परातीएवढा खडक आहे. दुसरा आलाय का, एवढं बघून या. मास्कमध्ये आधी थुंका, लाजू नका. आणि परत आल्यावर आमच्या म्हाताऱ्याला हाताने सांगा, त्याला ऐकू येत नाही. पण खूण खरी करा.