वरच्या आळीची हार

जत्रेची मिटिंग समाजमंदिरात होती. पुरुषांच्या कबड्डीचा विषय दहा मिनिटांत संपला. मुरूडपासून म्हसळ्यापर्यंतचे संघ येणार, लाइट लागणार, चषक देणार, झालं. वाद झाला तो एकाच गोष्टीवर. बायकांसाठी काय ठेवायचं?

"संगीत खुर्ची," मंडळाचे अध्यक्ष रावजीशेठ म्हणाले. "दरवर्षी ठेवतो. बायकाबी खूश, लोकबी खूश."

"आम्हाला कबड्डी पायजे," मागून क्रांती म्हणाली.

क्रांती म्हणजे गणराजची बायको. माहेरी असताना चढाईला तिचं नाव होतं. पण आपल्या पट्ट्यात संघ असतो गावाचा. पोरीचं लग्न झालं की ती माहेरच्या संघात चालत नाही, आणि सासरच्या गावात बायकांचा संघच नसतो. तिचा भाऊ पस्तिशीतही खेळतोय. ही बाविसाव्या वर्षी रिटायर. हा कायदा कोणी केला? कोणीच नाही. म्हणूनच कोणी मोडत नाही.

रावजीशेठनी डोकं खाजवलं. "बरं. वरची आळी विरुद्ध खालची आळी, एक मॅच लावू. लोकांनी मनावर घेतली तर पुढच्या वर्षी बाहेरचे संघ बोलवू. न्हायतर परत खुर्ची. मान्य?"

मान्य. वरच्या आळीची कप्तान क्रांती, खालच्या आळीची विनिता. दोन महिने ओहोटीला वाळूत सराव केला. वाटेने जाणारे येणारे दात काढायचे. बायका खेळत राहिल्या.

मॅचच्या दिवशी माइक गणराजकडे होता. दरवर्षी असतो. पोरांची मॅच त्याच्या तोंडून ऐकायला काशीदवरून लोक येतात. "प्रणय चढाईला, बोनसवर डोळा, कोपरा सावध," असं सुरू झालं की अंगावर काटा येतो.

बायकांची मॅच सुरू झाली आणि तोच गणराज म्हणाला, "चढाईला आल्यात वरच्या आळीच्या कल्पिता वहिनी. दादांनू, कुकर कोणी लावलाय आज?"

मैदान हसलं. गणराजला चेव आला.

तेवढ्यात विनितानं झेप टाकून कल्पिताचा घोटा पकडला. अशी पकड पोरांनापण जमत नाही. आणि माइकवर काय आलं? "विनिता वहिनींनी पाय धरला. नवऱ्याचा कधी धरला न्हाय!"

लोक पोट धरून हसले. विनिता उठली. कोपर सोलवटलं होतं, रक्त वाळूत मिसळून खाली येत होतं. टाळी एकाचीही नाही.

वरच्या आळीची पुढची चढाई क्रांतीची. "आणि आता आमचं घरचं सरकार. हिला कोण पकडणार? मला सात वर्षं जमलं न्हाय!"

क्रांती समोरच्या संघाच्या अंगणात मध्येच थांबली. दम सोडला. वळली आणि सरळ माइकच्या टेबलाजवळ गेली.

"चिडलीस काय? गंमत करतोय गं."

"विनिताचं कोपर बघितलंत?"

"लागलं काय तिला?"

"प्रणयचं सोललं की तुम्ही त्याला वाघ म्हणता. तिचं सोललं तर तुम्हाला नवऱ्याचे पाय आठवले."

"अगं, लोक हसतायत म्हणजे आवडतंय ना त्यांना."

"लोक खुर्चीलाबी हसतात. मंडळाला तेच पायजे होतं, तर आधीच सांगायचं. आम्ही गेलो नसतो वाळूत मरायला."

माइक चालूच होता. सगळं मैदान ऐकत होतं.

पंच होते दादूकाका. तीस वर्षं खेळलेला माणूस, एक गुडघा अजून वाकत नाही. लंगडत आले आणि म्हणाले, "गणराज, प्रणयचा संघ हरला तर तो काय करतो रं?"

"दोन दिवस घराबाहेर पडत न्हाय."

"आणि ह्या हरल्या तर?"

गणराज माइकची वायर सरळ करू लागला.

"तू जोक मारशील. जिंकल्या तरी मारशील. मग जिंकायचं कशाला आणि हरायचं कशाला? हरलेलं मनाला लागतं, म्हणून तो खेळ असतो. रेषा तीच, दम तोच, नियम तेच. ह्यांनी खेळच आणला होता. तू त्याचा हसायचा कार्यक्रम केलास."

"काका, मी आपलं लोकांसाठी..."

"लोकांचं सोड. तुला खेळ कळतो म्हणून जास्त राग येतो." मग काका क्रांतीकडे वळले. "आणि तू दम सोडलास. तू बाद. गुण खालच्या आळीला."

"व्हय काका," क्रांती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

"खुर्च्या आणा रे!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. या वेळी गणराजला तो कानाखाली बसल्यासारखा लागला. विनिता तशीच, कोपराला रुमाल बांधून, आपल्या जागेवर उभी होती. तिनं माइककडे बघितलंसुद्धा नाही.

गणराजनं घसा साफ केला. "मघाशी विनिता पाटीलनं घोट्याची पकड केली. आजच्या दिवसातली सगळ्यात भारी पकड. मी सांगायची ती सांगितली न्हाय. चूक माझी."

वहिनी गेली, नाव आलं. पहिल्या दोन चढायांना लोक सवयीनं हसले. मग हसायला वेळच मिळेना. गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई, क्रांती म्हात्रे. एकीला हात लावून ती परत फिरली, रेषेकडे झेपावली, आणि विनितानं मागून कंबर पकडली. शिट्टी. "क्रांती बाद. वरची आळी एका गुणानं हरली," गणराजनं सांगितलं.

क्रांती जमिनीवर मुठी आपटत होती. दम सोडून घालवलेला तो एक गुण आता तिला नडला होता. कोणी हसलं नाही.

उलट भांडण लागलं. रावजीशेठ स्वतः वरच्या आळीचे. धोतर सावरत मैदानात आले. "क्रांतीचं बोट रेषेला लागलं होतं! मी बघितलं!"

"न्हाय लागलं," दादूकाका म्हणाले.

"बरं, बरं. पुढच्या वर्षी बघतो ह्यांना. बाहेरचे संघबी बोलवतो, मग कळेल वरची आळी काय हाय ते."

मंडळी, बायकांचा खेळ आपण बंद करत नाही. आपण नुसते हसतो, आणि हसून बंद पाडलेल्या गोष्टीचा गुन्हा कोणावर लागत नाही. आपण सगळे त्यात असतो. तेव्हा तुमच्या गावात बाई मैदानात उतरली तर तिचं नाव घ्या. भारी खेळली तर भारी म्हणा, हरली तर हरली म्हणा. एवढंही जमत नसेल तर माइक खाली ठेवा.