भरलेल्या धरणातली मोजपट्टी

मी एक जुनी मोजपट्टी आहे. धरणाच्या भिंतीला उभी ठोकलेली, पांढऱ्या रंगावर काळे आकडे असलेली. शून्य तळाशी, वीस मीटर माथ्याशी. मित्रांनो, तुमच्या नळाचे पाणी आधी माझ्या अंगावर मोजले जाते.

सव्वीस वर्षे एक मोजणीदार रोज सकाळी सातला येई, फडक्याने माझ्यावरचे शेवाळ पुसे आणि विचारी, "काय बाई, आज काय म्हणतेस?" मी सांगे ते तो लिही आणि वर्तमानपत्रे छापत.

मग एका उन्हाळ्यात वरच्या डोंगरावरचे जंगल नऊ दिवस जळत राहिले. मातीला धरणारी मुळे गेली. पुढच्या पावसाळ्यात पाणी काळे होऊन आले. राख, माती, जळकी खोडे माझ्या पायाशी येऊन बसली.

मोजणीदाराने नावेतून दोरीला वजन बांधून सोडले. ते सातच्या आकड्याशीच टेकले. त्याखालची मी गाळात गाडली गेले होते. तो तडक अभियंत्याला भिंतीवर घेऊन आला.

"साहेब, तळाचा दरवाजा आजच उघडा. गाळ ओला आहे तोवर वाहून जाईल. एकदा घट्ट बसला की दरवाजा हलायचा नाही."

"आणि पाणी वाया घालवलं म्हणून बोंब झाली, तर निस्तरणार कोण? पट्टी बघा. अठरा! धरण भरलंय."

"पट्टी पाण्याचा माथा दाखवते. तळ कुठं आलाय ते तिला काय ठाऊक?"

"काका, जळलं जंगल आणि डोकं तुमचं तापलंय!"

साहेबांबरोबरचे लोक हसले. दरवाजा बंदच राहिला. माझ्या वरच्या आकड्यांना नवा रंग मिळाला आणि माझ्यासमोर उभे राहून साहेबांनी फोटो काढून घेतला.

उन्हाळ्यात पाणी नऊवर आले. कोणत्या आकड्याला किती पाणी, हे सांगणाऱ्या जुन्या तक्त्यानुसार ते अजून दोन महिने पुरायला हवे होते. त्याच आठवड्यात पंपांनी चिखल ओढला आणि शहराचे नळ बंद पडले. आता तळाचा दरवाजा उघडायची घाई झाली. चौघे चाकाला लोंबकळले. दांडा वाकला, दरवाजा तसूभर हलला नाही.

चौकशी झाली. 'मोजणीत हयगय' असा शेरा मारून मोजणीदाराला घरी बसवले. साहेबांची बढती झाली. नवा माणूस भिंतीवरूनच दुर्बिणीने आकडा टिपतो. शेवाळ कोणी पुसत नाही.

मित्रांनो, डोंगर जळाल्याची बातमी आली की धरणाचा तळ चाचपून बघा आणि ज्याच्या हाताला चिखल लागला आहे, त्याचे आधी ऐका. माझ्यावर विसंबू नका. मी अजूनही माथाच सांगेन. मला तेवढेच येते.