समुद्रापलीकडचं नाव

शेषगिरी दिवाणजींनी टेलिफोनची मूठ गरगर फिरवली, तोंड पुढे नेऊन हाक मारली, आणि घशातून नुसती हवा बाहेर आली. पलीकडची एक्स्चेंजची बाई दोनदा "हलो, हलो" म्हणाली आणि तिने लाइन तोडली. दिवाणजींनी कपाळावर हात मारला. लिलावात ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता, आणि वैद्यांनी आठ दिवस मौन सांगितलं होतं. बसायचाच होता तर आजचा दिवस सोडून बसायचा की!

सकाळीच गुंटूरची खबर आली होती: तिकडची मिरची जहाजात भरली, उद्या कोलंबोला लागणार, म्हणजे तिथला भाव पडणार. दुकानाच्या मालकीणबाई हेमावती, त्यांच्या यजमानांची चारशे पोती ब्याडगी मिरची तिथल्या वखारीत पडून होती आणि यजमान, म्हणजे विठ्ठलराव, भाव चढायची वाट बघत तिथेच बसले होते. माल आज दुपारच्या आत विकला तर तरले, नाहीतर हुबळीच्या दाजीबानपेठेतलं दुकान गेलंच म्हणायचं. तार केली असती तर संध्याकाळी पोचली असती. टेलिफोन मात्र अर्ध्या तासात लागायचा.

आता या टेलिफोनची गंमत अशी, की समुद्रापार तीन मिनिटं बोलायचं तर घरचं महिनाभराचं वाणसामान परवडलं. पण ज्या माणसाच्या नावाने कॉल मागितला तो जागेवर नसेल, तर किरकोळ पैशांत काम भागायचं. विठ्ठलरावांनी हे नेमकं हेरलं होतं. हसायचं तेही कडी लावून, इतका चिक्कू माणूस! हुबळीहून "पुंडलिक" नावाने कॉल आला, तर थांबायचं. खुद्द "विठ्ठलराव" नावाने आला, तर विकायचं. दोन्ही वेळा स्वतः विठ्ठलरावांनीच उचलायचं आणि सांगायचं, तो गृहस्थ इथे नाही. निरोप पोचला, पैसे वाचले.

दिवाणजींनी पाटीवर खडूने लिहिलं: 'अक्का, तुम्हीच बोला.' बाहेरच्या माणसाला बोलवायची सोय नव्हती. दुपारपर्यंत ही युक्ती दुर्गदबैलच्या बाजारभर झाली असती.

हेमावतींनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि त्या काळ्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. एवढीशी तार हुबळीतून निघून समुद्रापलीकडच्या माणसाच्या कानाला लागते, हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. दिवाणजींनी मूठ फिरवली. बाईने कानडीत गाव विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, कोण हवं?

दिवाणजींनी पाटी वर धरली. पाटीवर नवऱ्याचं नाव होतं.

बावीस वर्षांत त्यांनी ते कधी सरळ उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे त्या आईच्या मांडीवर शिकल्या होत्या. आणि हा माणूस आज परमुलखात, मध्ये अख्खा समुद्र. दिवाणजींना आत्ता कुठे घोटाळा उमगला. बिचारे पाटी पुसायला निघाले, मग थांबले. पुसून लिहिणार काय? बाईने पुन्हा विचारलं, जरा चिडूनच.

हेमावतींनी डोळे मिटले आणि लग्नात घेतला होता तो उखाणा एका दमात म्हणून टाकला:

"अंगणात मिरचीचा पडला लाल सडा, विठ्ठलरावांच्या नावाचा भरला हिरवा चुडा."

पलीकडची बाई हसली आणि म्हणाली, विठ्ठलराव ना? थांबा.

आणि मग हेमावतींनी ऐकलं. बाईने ते नाव बंगळूरला सांगितलं. बंगळूरच्या माणसाने मद्रासला सांगितलं, मद्रासच्या माणसाने आपल्या जड जिभेने ते आणखी पुढे ढकललं. मध्ये कसलीशी घरघर होती, तो समुद्रच असणार असं त्यांना वाटलं. ज्या नावाला त्या जन्मभर ओठांआड जपत आल्या, ते तीन परके लोक हातोहात पलीकडे नेत होते, आणि आभाळ काही कोसळत नव्हतं.

शेवटी अगदी लांबून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं की हुबळीहून एक बाई विठ्ठलरावांना मागताहेत.

आता "इथे नाहीत" यायला हवं होतं. आलं नाही.

"मीच विठ्ठलराव," तो आवाज म्हणाला. यंत्राजवळ कान नेऊन उभ्या असलेल्या दिवाणजींनी डोक्याला हात लावला. गेले तीन मिनिटांचे पैसे!

"घरात कोण गेलं?" दिवाणजींऐवजी बाईने मागितलं म्हणताच विठ्ठलराव घाबरले होते. "सांग लवकर."

"कुणी नाही हो. सगळे खुशाल आहेत. दिवाणजींचा घसा बसलाय. गुंटूरची मिरची उद्या तिथे लागतेय, माल दुपारच्या आत विका."

"विकतो. आत्ताच विकतो." ते थांबले. "मग माझं नाव घेतलं कोणी?"

"मी."

त्या घरघरीत त्यांना नवऱ्याचा श्वास ऐकू आला, शेजारी बसल्यासारखा.

"कसं घेतलंस?"

हेमावतींनी दिवाणजींकडे पाहिलं. शेषगिरी उठले, दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. तरी हेमावतींच्या तोंडून उखाणा फुटेना. पलीकडून घाई झाली नाही. पैशाला पैसा जोडणारा तो माणूस एक अक्षर न बोलता वाट बघत बसला.

तेवढ्यात मधला कुणी परका म्हणाला, तीन मिनिटं झाली.

"आणखी तीन द्या," विठ्ठलराव त्याला म्हणाले. "बाईंचं सांगून व्हायचंय."